मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा चालवावा

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांमधून विखुरलेल्या इंदूरच्या मराठी मंडळींना एकत्र ठेवण्याचे काम पूर्वी तीन गोष्टींवर चालत असे: वर्गणीच्या निमित्ताने घरोघर फिरणारे कार्यकर्ते, देवळातला फळा आणि पोस्टाने येणारी छापील पत्रिका. आता ही तिन्ही कामे बहुतेक मंडळांनी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सोपवली आहेत. निरोप पोहोचवण्याची सोय त्याने झाली, हे निर्विवाद आहे. परंतु याच ग्रुपवर सभा भरते, हिशेब मांडला जातो, भांडणे होतात, लग्ने जुळवली जातात आणि अफवाही पसरतात. ज्याच्यावर हा ग्रुप चालवण्याची जबाबदारी येऊन पडते, त्या चिटणिसाला मात्र हे काम कसे करावे हे कोणी सांगितलेले नसते. पुढील मजकूर त्याच्यासाठी आहे. त्यात सूत्र एकच आहे: ग्रुपवर कळवावे, ठरवू नये.

पहिले काम म्हणजे एकाचे दोन ग्रुप करणे. एक सूचनांचा, ज्यावर फक्त ॲडमिनच लिहू शकतील. दुसरा गप्पांचा, ज्यावर ज्याला जे लिहायचे ते तो लिहील. केवळ ॲडमिनला संदेश पाठवता यावा ही सोय व्हॉट्सॲपने 2018 मध्येच दिली, आणि नोव्हेंबर 2022 पासून कम्युनिटी नावाच्या व्यवस्थेखाली असे अनेक ग्रुप एका छताखाली ठेवता येतात. एका ग्रुपात 1024 पर्यंत सदस्य मावतात, त्यामुळे जागेची अडचण सहसा कोणत्याही मंडळाला येत नाही. अडचण येते ती माणसांची. ग्रुपची विभागणी सुचवली की काही ज्येष्ठ सभासदांना आपले तोंड बंद केले जात आहे असे वाटते, आणि त्यांचा रोष अगदीच अनाठायी नसतो. म्हणून हा बदल करण्यापूर्वी चार जणांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगावे की, रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांच्या आणि फुलांच्या चित्रांच्या खाली गुरुवारच्या व्याख्यानाची सूचना गाडली जाते, आणि नंतर तेच सभासद ‘आम्हाला कळवलेच नाही’ अशी तक्रार करतात. सुप्रभाताची फुले गप्पांच्या ग्रुपवर खुशाल फुलू द्यावीत. मंडळाचे सभासद नसलेल्या परंतु कार्यक्रमांना येणाऱ्या रसिकांसाठी व्हॉट्सॲपचे चॅनेल (एकतर्फी सूचनांची सोय) उघडणे अधिक बरे, कारण तेथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ग्रुपात मात्र प्रत्येकाचा नंबर सर्वांसमोर उघडा पडतो. हीच बाब लक्षात घेऊन कोणालाही न विचारता ग्रुपात ओढू नये; आधी निरोप पाठवून होकार घ्यावा.

सूचना पाठवण्याची वेळ ठरवून घेतलेली बरी. सकाळी नऊच्या आधी आणि रात्री नऊच्या नंतर सूचनांचा ग्रुप शांत असावा, दुःखद वार्तेचा अपवाद वगळून. आपल्या सभासदांत पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणारे असतात, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत परदेशी वेळेप्रमाणे जागणारे असतात आणि सियागंजात दिवसभर गल्ल्यावर बसणारे व्यापारीही असतात. ज्यांचे साहेब आणि ज्यांचे गिऱ्हाईक दोघेही याच व्हॉट्सॲपवर असतात, त्यांना फोन म्यूट करणे परवडत नाही. ते फार तर मंडळाचा ग्रुप म्यूट करतात, आणि एकदा म्यूट केलेला ग्रुप पुन्हा उघडून पाहणारा विरळाच.

आता सूचनेच्या मजकुराकडे वळू, कारण निम्मे घोटाळे तेथेच होतात. सर्वांत अधिक काळजी लागते ती निधनवार्तेला. इंदूरमध्ये अंत्ययात्रा बहुधा त्याच दिवशी निघते आणि तिसऱ्या दिवसाचा उठावना (शोकसभा) आता मराठी घरांनीही आपलासा केला आहे, त्यामुळे वेळेचे महत्त्व दुप्पट होते. प्रत्यक्षात निरोप येतो तो असा: ‘आमच्या काकांचे आज दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी 4 वाजता निवासस्थानाहून निघेल.’ हे कोणाचे काका, निवासस्थान कोणते आणि ‘आज’ म्हणजे कोणता दिवस, यांपैकी काहीच त्यात नसते. मग हाच मजकूर तीन ग्रुपांतून फिरत दुसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा लोक हार घेऊन मुक्तिधामात (स्मशानात) पोहोचतात आणि तेथे कोणीच नसते. म्हणून निधनवार्तेचा एक साचा तयार करून ठेवावा आणि घरच्यांनी दिलेली माहिती त्यात भरूनच ती पाठवावी:

‘श्री./श्रीमती (पूर्ण नाव), वय (वर्षे), राहणार (वसाहत), यांचे (वार, तारीख) रोजी निधन झाले. (मुलाचे किंवा मुलीचे नाव) यांचे ते वडील/आई होत. अंत्ययात्रा (वार, तारीख, वेळ) रोजी (पूर्ण पत्ता, जवळची खूण) येथून निघून (पंचकुइया/रामबाग/अन्य) मुक्तिधाम येथे जाईल. उठावना: (वार, तारीख, वेळ, स्थळ). ही माहिती कुटुंबातील (नाव) यांच्याकडून खात्री करून दिली आहे.’

शेवटचे वाक्य वगळू नये. आजारी माणूस जिवंत असताना त्याच्या निधनाची वार्ता फिरणे यासारखा दुसरा अपराध नाही, आणि तो बहुधा घाईतून घडतो. खाली अंगठ्याचे चिन्ह टाकणाऱ्यांबद्दल अनेकांना राग येतो. ते ‘वाचले’ या अर्थाने टाकलेले असते हे खरे असले, तरी निधनवार्तेवर ते बरे दिसत नाही. सूचनांच्या ग्रुपवर इतरांना लिहिता येत नसले तरी चिन्हे टाकता येतात, हे सभासदांना एकदा समजावून सांगावे. सांत्वनाचे चार शब्द थेट कुटुंबाला पाठवावेत, आणि शक्य असेल तर भेटायला जावे.

इतर सूचनांनाही हाच नियम लावावा. ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द वर्ज्य समजावेत. वार आणि तारीख दोन्ही लिहावे. चित्ररूप पत्रिका पाठवली तरी तिच्याखाली मजकूर टंकित करावाच, कारण ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांना चित्रातली बारीक अक्षरे मोठी करता येतातच असे नाही, आणि चित्रातला शब्द नंतर शोधूनही सापडत नाही. महत्त्वाची सूचना ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवता येते. मजकुरात चूक राहिल्यास ती पंधरा मिनिटांच्या आत सुधारता येते. त्यानंतर जुना निरोप सर्वांसाठी पुसून नवा पाठवावा, नाहीतर दोन्ही निरोप फिरत राहतात. भाषेबद्दल म्हणाल, तर सूचना देवनागरी मराठीतच असावी. आपल्या घरांत आलेल्या हिंदीभाषक सुना देवनागरी सहज वाचतात आणि अर्थही लावतात. रोमन लिपीतली मराठी मात्र त्यांना आणि आजोबांना, दोघांनाही अडखळायला लावते. बोलून लिहिण्याची सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे, तेव्हा टंकता येत नाही ही सबब चालू नये.

यानंतर मूळ मुद्दा. ग्रुपवर निर्णय का घेऊ नयेत? एक कारण कायद्याचे आहे. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेल्या मंडळाचा कारभार त्याच्या नियमावलीप्रमाणे चालावा लागतो. सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, ठराव कोठे लिहायचा हे त्या नियमावलीत असते, आणि व्हॉट्सॲपवर घेतलेला कौल तिची जागा घेऊ शकत नाही. परंतु मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. रात्री अकराला कोणीतरी लिहितो की यंदा गणेशोत्सवातले एकांकिकेचे कार्यक्रम रद्द करून ऑर्केस्ट्रा ठेवू या. त्यावर जे जागे असतात आणि ज्यांची बोटे भराभर चालतात ते ‘छान’, ‘अनुमोदन’ असे लिहून मोकळे होतात. ज्या सभासद भगिनी स्वयंपाकघर आवरून मग फोन हाती घेतात, जे वडीलधारे दुसऱ्या दिवशी नातवाकडून निरोप वाचून घेतात आणि ज्यांना लेखी विरोध करणे प्रशस्त वाटत नाही, त्या सर्वांचे मौन ही संमती धरली जाते. समोरासमोरच्या सभेत गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा अध्यक्षाला दिसतो आणि तो विचारतो, ‘तुमचे काय म्हणणे आहे?’ ग्रुपवर तो चेहरा दिसत नाही. निळी खूण म्हणजे निरोप उघडला गेला, इतकेच. तेव्हा ग्रुपवर विषय निघाला की चिटणिसाने एकच उत्तर द्यावे: ‘हा विषय अमुक तारखेच्या सभेपुढे ठेवला आहे.’ मतदानाची जी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे ती सहलीला बस किती मोठी हवी, जेवणाला किती पाने धरायची अशा मोजणीसाठी जरूर वापरावी. तेथे ती फार उपयोगी पडते.

भांडणाचेही तसेच. दोन सभासदांत ग्रुपवर जुंपली की ॲडमिनने तेथे न्यायनिवाडा करू नये. दोघांनाही स्वतंत्र फोन करावा, वैयक्तिक टीकेचे निरोप ॲडमिनच्या अधिकारात सर्वांसाठी पुसावेत आणि ग्रुपवर फक्त ‘हा विषय येथे थांबवला आहे’ असे लिहावे. पुसलेल्या निरोपाचे छायाचित्र कोणीतरी आधीच काढून ठेवलेले असते, हे गृहीत धरून चालावे. सदस्याने लिहिलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला तुरुंगात जावे लागते, ही भीती मात्र अवास्तव आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये, आणि केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये, सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दुसऱ्याच्या निरोपासाठी जबाबदार धरता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. याचा अर्थ डोळेझाक करावी असा नाही. इंदूरमध्ये डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि सणासुदीच्या दिवसांत आक्षेपार्ह मजकूर पसरवण्यास मनाई करणारे आदेश निघत असतात. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीची झांक्यांची (चलत्‌ देखाव्यांची) मिरवणूक या दोन्ही वेळी लाखो लोक रस्त्यावर असताना एका जुन्या व्हिडिओने काय घडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

अफवांबद्दल बोलताना एक घटना प्रत्येक ग्रुपात सांगितली गेली पाहिजे, कारण ती आपल्या वाटेवरची आहे. इंदूरहून नाशिक-पुण्याकडे जाताना सेंधवा, शिरपूर ओलांडल्यावर जे धुळे लागते, त्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. 1 जुलै 2018 रोजी तेथील आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा खरी मानून जमावाने भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मुले पळवणाऱ्यांचे व्हिडिओ त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एकावेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यास बंदी घातली. अनेकदा फिरलेल्या निरोपावर 2019 पासून दुहेरी बाण दिसतो आणि 2020 पासून असा निरोप एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सभासदांना हा दुहेरी बाण ओळखायला शिकवावे. ज्याच्यावर तो आहे तो निरोप ओळखीच्या माणसाकडून आला असला, तरी मूळ लिहिणारा बहुधा त्याच्याही ओळखीचा नाही, असा त्याचा अर्थ आहे.

पडताळणी फार अवघड नसते. चित्र असेल तर गूगल लेन्समध्ये घालून ते पूर्वी कोठे आले होते ते पाहावे. पुष्कळ वेळा दुसऱ्या देशातला चार वर्षांपूर्वीचा अपघात ‘काल राजवाड्याजवळ’ म्हणून फिरत असतो. सरकारी योजनेचा निरोप असेल तर केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) पडताळणी विभागाने त्याबद्दल काही म्हटले आहे का ते पाहावे. शहरातली बातमी असेल तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी. बारा तास थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. औषधोपचाराचे निरोप मात्र पडताळणीच्या भानगडीत न पडता सरसकट बंद ठेवावेत. मंडळात डॉक्टर असले तरी ते ग्रुपचे डॉक्टर नव्हेत. राजकीय मजकुरालाही हाच दंडक लावावा, आणि त्यामागचे कारण मताचे नसून नोकरीचे आहे. आपल्यातील अनेक जण राज्य शासनाच्या सेवेत आहेत आणि मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, 1965 त्यांना राजकारणात भाग घेऊ देत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत एखादा शिक्षक सहज म्हणून जो निरोप पुढे ढकलतो, त्यापायी त्याला कारणे दाखवा नोटीस येऊ शकते.

विवाहेच्छूंच्या माहितीपत्रकांचा विषय नाजूक असला तरी टाळता येण्यासारखा नाही. मराठी घरांची संख्या मर्यादित असलेल्या शहरात स्थळे कळण्याचा हा मोठाच मार्ग झाला आहे, त्यामुळे तो बंद करा असे म्हणण्यात अर्थ नाही. परंतु एका पानावर मुलीचे छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, घरचा पत्ता, कंपनीचे नाव, पगार आणि वडिलांचा नंबर असा सगळा ऐवज उघड्या बाजारात ठेवला जातो. मुलीचे लग्न होऊन तिला मूल झाले तरी ते पान भोपाळ, ग्वाल्हेर, पुणे असे फिरतच असते. ग्रुपवर फक्त वय, शिक्षण, गाव आणि मंडळातील संपर्क व्यक्तीचे नाव द्यावे. बाकीचे ज्याने विचारले त्याला, घरच्यांच्या संमतीने, वेगळे पाठवावे. पत्रकावर ‘अमुक महिन्यापर्यंत’ असे लिहिले तर निदान जुने पान ओळखता तरी येते. लहान मुलांच्या स्नेहसंमेलनातील छायाचित्रांनाही पालकांची परवानगी घ्यावी. गटाचे छायाचित्र पुरे, एकेका मुलाचे नाव आणि शाळा लिहून ते फेसबुकवर टाकण्याचे कारण नाही.

पैशांविषयी थोडक्यात. वर्गणीचा क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा असावा, खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा नसावा. वर्गणी देणाऱ्यांची रकमेसह यादी ग्रुपवर टाकू नये, कारण त्यामुळे पाचशे देणारा पुढच्या वर्षी संकोचाने येतच नाही. यादी सभेत ठेवावी. फसवणुकीबाबत सभासदांना तीन गोष्टी पाठ करून घ्यायला लावाव्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी लागतो. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड मागणारा माणूस, तो ग्रुपातल्या ओळखीच्या नंबरावरून मागत असला तरी, आपले खाते पळवू पाहत असतो. आणि लग्नपत्रिका चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतील तर ते फोनमध्ये शिरणारे ॲप आहे, ते उघडू नये. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करीत नाही, हे विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा; पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. ज्याचे खाते पळवले गेले आहे त्याला ॲडमिनने लगेच ग्रुपमधून काढावे आणि तसे सर्वांना कळवावे.

घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनींना ग्रुपवर जागा द्यावी असे माझे मत आहे, जरी अनेक मंडळे जाहिरात म्हटली की नाक मुरडतात. दिवाळीचा फराळ, उकडीचे मोदक, पुरणपोळ्या यांच्या मागणीवर काही घरांचा संसार चालतो, आणि ती मागणी मराठी घरांतूनच येते. त्यासाठी आठवड्यातला एक वार नेमून द्यावा आणि प्रत्येकीला एकच निरोप टाकू द्यावा, ज्यात पदार्थ, वजन, भाव, मागणीची शेवटची तारीख आणि पोहोचवण्याची सोय एवढे असावे. मागण्या थेट तिच्या नंबरावर जाव्यात, ग्रुपवर ‘मला दोन किलो’ अशी रांग लागू नये. तिने व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप वापरले तर वस्तूंची यादी आणि कामाच्या वेळा त्यात मांडता येतात, आणि रात्री साडेअकराला चकलीचा भाव विचारणाऱ्याला आपोआप उत्तर जाते. लहान घरगुती खाद्यव्यवसायालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची प्राथमिक नोंदणी लागते, याची आठवण मंडळाने द्यावी. ती ऑनलाइन होते आणि तिचे शुल्क थोडे आहे.

ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप चालणारा फोन नाही त्यांची वेगळी यादी चिटणिसाकडे हवी. अशा प्रत्येकाचे नाव जवळ राहणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याच्या जिम्मे लावून द्यावे आणि प्रत्येक सूचनेनंतर त्याने त्यांना फोन करावा किंवा जाता-येता सांगावे. देवळातला फळाही पुसून टाकू नये.

कार्यकारिणी बदलली की ग्रुपचाही रीतसर कार्यभार द्यावा. सुरुवातीपासूनच किमान दोन ॲडमिन असावेत, म्हणजे एकाचा फोन हरवला तरी कारभार अडत नाही. जाणाऱ्या चिटणिसाने नव्या चिटणिसाला ॲडमिन करून, ग्रुपवरची महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे मंडळाच्या संगणकावर उतरवून द्यावीत आणि मग स्वतः ॲडमिनपद सोडावे. सभासदांच्या यादीशी नंबरांची पडताळणी वर्षातून एकदा करावी, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दूरसंचार कंपनी दुसऱ्या कोणाला तरी देते. सहल, नाटक, महाप्रसाद अशा एकेका कामासाठी काढलेले ग्रुप काम संपल्यावर, हिशेब सादर झाला की आठवड्याभरात बंद करावेत.